शटर फक्त शोभेचे नव्हते

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) असताना जुन्या गाड्यांच्या रेडिएटरवर शटर, म्हणजे हवा अडवणाऱ्या उघडझाप पट्ट्या, कशाला, गोव्याच्या उकाड्यात तर ती निव्वळ शोभा, असं कुणीतरी म्हटलंय. उकाड्याचं मान्य. पण त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅटच नसायचा. फोर्ड मॉडेल टी घ्या, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपसुद्धा नाही. गरम पाणी आपोआप वर चढायचं, थंड झालं की खाली उतरायचं. थंडीत असं इंजिन पुरेसं गरमच होत नसे. मग पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि तळाचं ऑइल पातळ करतं. म्हणून हवा अडवायची. शटर नसेल तिथे गोणपाट किंवा पुठ्ठा.

आमच्याकडे अडचण उलटी. म्हापशात ओळखीच्या एकांकडे अशी जुनी गाडी आहे, पट्ट्या आडव्या, डॅशबोर्डच्या दांडीने उघडणाऱ्या. पावसाळ्यात खाऱ्या हवेने खालच्या तीन पट्ट्या गंजून बंदच राहिल्या, आणि दांडी मात्र मजेत ‘उघडं’ दाखवत होती! मोलेहून अनमोड घाट चढताना रेडिएटरच्या झाकणातून वाफ. अर्धा तास थांबलो, मग मेस्ताने (मेकॅनिकने) पक्कडीने एकेक पट्टी सोडवली. आता गाडीचे मालक मे महिन्यात पट्ट्या उघड्या ठेवून तारेनेच बांधून टाकतात. पट्ट्या ज्यांवर फिरतात त्या पिनांना ग्रीस मात्र लावाच.