निकालाच्या डेटावर ९३ टक्के ॲक्युरसी येतेय, पण पटत नाहीये

प्रश्न:
नमस्कार मंडळी, प्रोजेक्टसाठी डिपार्टमेंटकडून गेल्या चार वर्षांचा डेटा मिळालाय, नावं आणि रोल नंबर काढून. हजेरी, असाइनमेंट, इंटर्नल, आधीच्या सेमिस्टरचे मार्क असं सगळं आहे त्यात. वेका या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जे४८ (डिसिजन ट्री बनवणारी पद्धत) चालवलं, पास की नापास एवढंच ओळखायचं होतं, तर थेट ९३ टक्के आले. गाईड खूश आहेत, पण ट्रीमध्ये सगळ्यात वर इंटर्नल आणि त्याखाली जवळजवळ काहीच नाही, हजेरीचा तर पत्ताच नाही. मग हजेरीचा निकालाशी संबंध नसतो असं लिहू का?

उत्तर १:
नका लिहू तसं. जो वर्गात येतो त्याचे इंटर्नलही बहुतेक बरे असतात, त्यामुळे ट्रीने एकदा इंटर्नल उचलले की हजेरीकडे नवीन सांगण्यासारखं फारसं उरत नाही. इंटर्नलचा कॉलम काढून परत चालवा आणि हजेरी कुठे येते बघा. दुसरं म्हणजे पास-नापास इंटर्नल अधिक फायनल मिळून ठरत असेल तर तुम्ही मॉडेलला उत्तराचाच एक तुकडा देताय, याला लीकेज म्हणतात. पोर्तुगालच्या शाळांचा २००८ चा प्रसिद्ध डेटासेट आहे, गणिताचे ३९५ विद्यार्थी, त्यातही हेच होतं, पहिल्या दोन सत्रांचे मार्क दिले की शेवटचे छान ओळखता येतात आणि ते काढले की काम एकदम अवघड होतं.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण आधी सांगा की एकूण पास किती? समजा १०० पैकी ९० पास असतील तर सगळ्यांना डोळे झाकून पास म्हटलं तरी ९० टक्के येतात, मग तुमच्या ९३ ला काय अर्थ राहिला. कन्फ्युजन मॅट्रिक्स (खरे पास-नापास आणि मॉडेलने सांगितलेले यांचा तक्ता) बघा, नापासांपैकी खरंच किती सापडले तेवढाच आकडा कामाचा. आणि रँडम स्प्लिट (सगळ्या नोंदी मिसळून कशाही दोन भागांत वाटणं) नको, जुन्या तीन बॅचवर ट्रेन करून शेवटच्या बॅचवर टेस्ट करा, कारण पेपर दरवर्षी सारखा नसतो. स्मोट (कमी असलेल्या गटाच्या, इथे नापासांच्या, कृत्रिम नोंदी बनवणं) वापरणार असाल तर फक्त ट्रेनिंग सेटवर.

उत्तर ३:
मी शिकवते, म्हणून माझा प्रश्न वेगळा. हे कळतं कधी? इंटर्नल झाल्यावर कळून त्या मुलाच्या हातात उरतं किती? चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत जेवढं माहीत असतं तेवढ्यावरच मॉडेल करून बघा, ॲक्युरसी पडू दे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा खुला डेटासेट बघा, ३२,५९३ नोंदी आहेत, रोज कोणी किती क्लिक केलं तेही आहे. आणि मधेच कोर्स सोडून गेलेली मुलं तुमच्या शीटमध्ये आहेत का हे नक्की विचारा, नसली तर ज्यांच्यासाठी हे करायचं तीच बाहेर राहिलीत.

प्रश्नकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. इंटर्नल काढून चालवलं, हजेरी सरळ वर आली, पण नापासांपैकी निम्मेसुद्धा सापडत नाहीयेत. सोडून गेलेल्यांची यादी शीटमध्ये नव्हतीच, उद्या ऑफिसात जाऊन मागते.