तुर्की भाषा-साहित्यात एमए, तेही तुर्कस्तानात जाऊन? कुणी केलंय का?

नगरी_चिंच: नमस्कार मंडळी, मी मूळची नगरची, पुण्यात टीवायबीएला आहे, हिस्ट्री घेऊन. टर्किश सिरियल बघता बघता भाषेचंच वेड लागलं, आता सबटायटल न बघता निम्मं कळतं (असं मला वाटतं). एमए तिकडेच करायचं डोक्यात आहे, भाषा, साहित्य, संस्कृती असं सगळं. पप्पा म्हणतात जर्मन कर, निदान नोकरी तरी लागेल. आईला तिकडे एकटी कशी राहशील ही काळजी. तिथे नक्की शिकवतात काय? की दिल्लीतच करू?

बिनदुधाचा_चहा: अंकारात आहे, साहित्यातच एमए चालू आहे. आधी एक डोक्यातून काढ, सिरियलमधली भाषा इथे कुणी शिकवत नाही. साहित्य डिपार्टमेंट म्हणजे सुरुवात थेट आठव्या शतकातल्या, मंगोलियात सापडलेल्या ओरहोन शिलालेखांपासून, मग दिवान काव्य म्हणजे जुनं दरबारी काव्य, तेही अरूझ नावाच्या अरबी-फारसी वृत्तांसकट, मग लोकसाहित्य, आणि सगळ्यात घाम काढणारी उस्मानी, म्हणजे ऑटोमन साम्राज्याच्या काळातली तुर्की. 1928 ला लिपी बदलली ना, त्याआधीचं सगळं अरबी लिपीत आणि अरबी-फारसी शब्दांनी खच्चून भरलेलं, त्यामुळे इथल्या पोरांनाही ती मुळापासून शिकावी लागते, आपल्याकडे मोडीचं जसं झालंय तसंच. उर्दू वाचता येत असेल तर मात्र तू वर्गात पुढे राहशील.

स्कॉलरशिप म्हणजे तुर्किये बुर्सलारी, तुर्की सरकारची. अर्ज साधारण 10 जानेवारी ते 20 फेब्रुवारी, फी नसते, कुणी एजंट पैसे मागायला लागला तर सरळ ब्लॉक कर. मास्टर्सला वय 30 च्या आत आणि 75 टक्के लागतात. ट्यूशन, हॉस्टेल, विमा, महिन्याचा खर्च आणि एकदाचं जाण्यायेण्याचं तिकीट मिळतं. पहिलं वर्ष नुसती भाषा, तोमेर नावाच्या भाषा केंद्रात. मराठीसारखंच क्रियापद शेवटी आणि प्रत्ययावर प्रत्यय, त्यामुळे ते आपल्याला युरोपियन पोरांपेक्षा सोपं जातं. पण तू हिस्ट्रीवाली, म्हणजे साहित्याला आलीस तर त्यानंतरही बीएचे काही पेपर आधी करायला लावू शकतात, बिलिमसेल हाझर्लक म्हणतात त्याला. दोन वर्षांचं एमए चारवर जातं, पप्पांना आत्ताच सांगून ठेव.

तोफखाना_गल्ली: पप्पांचं काही चुकलेलं नाही, नुसत्या भाषेवर नोकरी अवघडच आहे. पण बाई, तू हिस्ट्रीची, मग साहित्यात कशाला शिरतेस? इतिहासातच एमए कर आणि उस्मानी पक्की कर. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 ला ओतली कुठे, तर तुझ्याच नगरात, आणि ओतणारा रूमी, म्हणजे उस्मानी मुलखातला. इस्तंबूलच्या दफ्तरात कोट्यवधी कागद पडलेत. मराठी, मोडी, फारसी आणि वर उस्मानी येणारी माणसं किती असतील सांग बरं? तिथे तुझी खरी किंमत आहे, सिरियल काय सगळेच बघतात.

जुनी_दिल्ली_पास: दिल्लीचं सांगतो. जामियात तुर्कीचं बीएपासून शिक्षण आहे, पण मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून, जामिया आणि जेएनयू दोघांनीही तुर्की संस्थांबरोबरचे करार स्थगित केले, त्यामुळे एक्सचेंजच्या भरवशावर ॲडमिशन घेऊ नकोस, आत्ता काय चालू आहे ते डिपार्टमेंटला फोन करून विचार. राजकारण तापलं की पहिला फटका अशाच कोर्सला बसतो, हे घरच्यांनाही माहीत असू दे.

नगरी_चिंच: तोफेचं माहीतच नव्हतं!! मग इतिहासाकडेच वळावं म्हणते. @बिनदुधाचा_चहा राहायचं, खायचं कसं? मी शाकाहारी आहे. आणि बोलायची प्रॅक्टिस कुणाबरोबर करू?

बिनदुधाचा_चहा: सरकारी हॉस्टेल मुलींचं वेगळं असतं, आईला हे सांग. अंकारा म्हणजे सरकारी बाबूंचं गाव, शांत, पण थंडीत बर्फ पडतो. युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये स्वस्तात पोट भरतं, मसूरचं सूप आणि राजम्यासारखं पांढऱ्या घेवड्याचं कालवण, पण त्यात मटण नाही ना हे दरवेळी विचारायचं. महागाई मात्र बेकार आहे, ऑक्टोबर 2022 ला सरकारी आकडाच 85 टक्क्यांच्या वर होता, म्हणून घरून थोडे पैसे मागवायची तयारी ठेव. प्रॅक्टिसचं म्हणशील तर अंकारा युनिव्हर्सिटीत भाषा-इतिहास-भूगोलाची फॅकल्टी आहे, आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क, त्याच्या काळातली, तिथे हिंदोलोजी म्हणजे भारतविद्येचं डिपार्टमेंट आहे, तुर्की पोरं चक्क संस्कृत आणि हिंदी शिकतात. त्यांना हिंदी बोलायला कुणीतरी हवंच असतं. तू त्यांना हिंदी शिकव, ती तुला तुर्की शिकवतील, चहाचे पैसे बहुतेक तेच देतील.