मदत हवी आहे: घरगुती मंत्रांची किंमत कशी ठरवू?

मंडळी, एक फँटसी कादंबरी लिहितेय, त्यात युद्धाची वगैरे जादू नाहीच, फक्त रोजचे छोटे मंत्र, पाणी तापवणं, ओले कपडे वाळवणं असले. नियम एकच, लागणारी उष्णता मंत्र म्हणणाऱ्याच्या अंगातून जाते. हिशोब मांडला तर १ लिटर पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाने ती एकदम दिली तर अंगाचं तापमान साधारण दीड अंशाने उतरणार आणि हुडहुडी भरणार. हे मला फार आवडलंय, पाणी उकळून झालं की आजी शाल गुंडाळून बसते, नखं निळसर पडलेली.

पण कपडे वाळवायला गेलं की सगळं फिसकटतं! लिटरभर पाण्याची वाफ करायची तर ५०० किलोकॅलरीच्या वर जातात, ते जीवावरच बेतेल. उष्णता आसपासच्या हवेतून घेऊन बघितली, पण मग किंमतच उरत नाही, चूल कोण कशाला पेटवेल? दिवसाला ठराविकच मंत्र असा कोटा पण लावून पाहिला, ते गेमसारखं वाटतं. दुर्मिळ वनस्पती, रत्नं, कांडी नको, कारण मंत्र गावात सगळ्यांना येतात, पोरांना सुद्धा. आणि पाणी तापवण्याचा नियम बदलता येणार नाही, कथा त्यावरच उभी आहे.

तर वाळवण्याच्या मंत्राने वाफ न करता पाणी नुसतं कापडातून ओढून काढलं, ज्याला ऊर्जा खूपच कमी लागेल, तर वाचक म्हणून तुम्हाला पटेल का, की पळवाट वाटेल?