तिबेट तापतंय, मग हवेला उष्णता कमी का मिळाली?

मुलुंडकर: शाळेत शिकलो होतो की उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं, तिथली हवा वर चढते आणि पाऊस आपल्याकडे ओढला जातो. काल गच्चीवर पापड वाळत घालताना लेक म्हणाली, "बाबा, तिबेट तापतंय, म्हणजे पाऊस वाढणार?" शोधलं तर भलतंच! १९८० ते २००० या काळात तिथल्या जमिनीकडून हवेला मिळणारी उष्णता घटली म्हणे. असं कसं?

बशीतला चहा: वारा हो. चहा बशीत ओतून फुंकर मारली की पटकन निवतो, नाही का? पठार सरासरी ४,००० मीटरहून उंच. तिथे तापमान वाढलं, पण जमिनीलगतचा वारा मंदावला. उष्णता उचलणार कोण?

मुलुंडकर: म्हणजे संध्याकाळचं दादर. गर्दी वाढली, गाड्या कमी!

घाटमाथा: लेकीला लगेच 'हो' म्हणू नका. २०१० मध्ये बूस आणि कुआंग या संशोधकांनी हवामानाच्या संगणकी प्रारूपातून पठार काढलं, फक्त हिमालयाची भिंत ठेवली. तरी दक्षिण आशियाचा मान्सून फारसा बदलला नाही. उत्तरेची कोरडी हवा भिंतच अडवते. वाद अजून चालूच आहे.

मुलुंडकर: बरं. पापड मात्र अजून दमटच आहेत.