टीजीएचं बाळ नागपूरला आणताना

एका सिस्टरांनी विचारलंय की चंद्रपूरहून दोन दिवसांचं टीजीएचं (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेलं) बाळ बलूनसाठी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र फुग्यानं मोठं करायला, नागपूरला न्यायचंय, वाटेत काय सांभाळायचं? आधी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे जन्मानंतर बंद होणारी हृदयाजवळची डक्टस ही रक्तवाहिनी उघडी ठेवणारं औषध. ५०० मायक्रोग्रॅमचं अँप्यूल एकूण ५० मिली डेक्स्ट्रोजमध्ये केलं, तर ३ किलोच्या बाळाला ताशी ०.९ मिलीनं मिनिटाला किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम जातं. असर काही मिनिटांत ओसरतो, म्हणून जादा आयव्ही लाइन लावूनच निघा. या औषधानं बाळाचा श्वास थांबू शकतो. अँबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि ती चालवता येणारा माणूस बाळापाशीच बसवा. शिल्लक अँप्यूल थंड डब्यात, बर्फाला थेट न टेकवता. मे महिन्यात वरोऱ्याच्या रस्त्यावर गाडी काय तापते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि कृपा करून नाळ बुडापासून कापू नका! सलाइनच्या ओल्या गॉजमध्ये ठेवा. तिथून बलूनचा कॅथेटर (बारीक नळी) गेला तर मांडीची शीर वाचते. बलून डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) असल्याचं इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) पाहूनच ३-४ मिली भरून तो झटक्यानं मागे ओढतात. तो मायट्रल झडपेत किंवा फुफ्फुसशिरेत असला तर तीच फाटते. छिद्र मोठं झालं की सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बहुधा लगेच चढतं. नाही चढलं, तर प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप सुरूच ठेवतात.