कॉलनीत क्लब काढायचाय: खर्च किती धरावा आणि रोजचं काम कुणी करायचं?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत विरंगुळा क्लब काढायचं घाटतंय. कॅरम, बुद्धिबळ, वर्तमानपत्रं, महिन्यातून एखादा कार्यक्रम. ६० जणांनी नावं दिलीत, त्यात निम्मे निवृत्त. पहिल्या मजल्यावर ३० बाय २० फुटांचा हॉल मिळतोय. भाडं ६,०००, अनामत ३०,०००. वर्गणी महिना २०० धरली तर १२,००० जमतात आणि तेवढ्यात भागेल असं बहुतेकांचं म्हणणं आहे. पोरांना टेबल टेनिसही हवंय. नोंदणी करावी की नुसतं मंडळ म्हणून चालवावं? जाणकारांनी सविस्तर सांगा.

कीर्द_खतावणी

१२,००० जमणार नाहीत, हे आधी धरून चला. नाव देणारे ६० असले तरी वर्षभर न मागता वर्गणी भरणारे ४० मिळाले तर उत्तम समजायचं. खर्च मात्र येणाऱ्यांच्या संख्येवर कमी होत नाही.

तुमच्या हॉलचा महिना साधारण असा बसेल: भाडं ६,०००, वीज १,०००, झाडलोट आणि संडास सफाईच्या बाईंचे १,५००, चार वर्तमानपत्रं ७००, पिण्याचं आणि वापरायचं पाणी ६००, सोंगट्या, पावडर, किरकोळ ४००, दुरुस्तीसाठी बाजूला ५००, ऑडिट आणि कागदपत्रांसाठी बाजूला ५००. बेरीज ११,२००. चाळीस जणांचे २०० म्हणजे ८,०००. दर महिन्याला ३,२०० ची तूट, वर्षाला ३८,४००. ही तूट मग दोन-तीन कार्यकर्त्यांच्या खिशातून जाते आणि दुसऱ्या वर्षी तीच माणसं बाजूला होतात. ११,२०० ला ४० ने भागलं की २८० येतात, म्हणजे वर्गणी ३०० ठेवा. दुरुस्ती आणि ऑडिटच्या दोन रकमा दर महिन्याला खरोखर बँकेत बाजूला टाका, नुसत्या कागदावर ठेवू नका.

वर्गणी महिन्याला गोळा करू नका. ६० सभासदांच्या वर्षाला ७२० पावत्या होतात आणि खजिनदाराचं अर्धं आयुष्य दारोदार फिरण्यात जातं. एप्रिल आणि ऑक्टोबर असे दोन हप्ते ठेवा, १२० पावत्यांत काम संपतं. ज्यांना एकदम जमत नाही त्यांना तिमाही हप्त्यांनी भरायची सवलत द्या, पण ती मागितली तरच.

प्रवेश फी वेगळी, १,००० तरी. ती अनामत, खुर्च्या, बोर्ड, पंखे यांसाठीच वापरायची. प्रवेश फीतून भाडं भरायला लागलात की क्लब तोट्यात आहे हेच कळत नाही.

वर्गणी कुणाच्या खासगी खात्यावर किंवा फोन पेवर घेऊ नका. पैसे संस्थेच्या खात्यात, दोन सह्यांवर. महिलांची भिशी सुरू झाली तर तिचा एक रुपयाही या खात्यातून फिरू देऊ नका.

सात_रस्ता

नोंदणीबद्दल. वर्षभर हॉल भाड्याने घेणार असाल तर नोंदणी कराच. नोंदणी नसेल तर भाडेकरार कुणा एकाच्या नावावर होतो, वीजबिलाची जबाबदारी त्याच्यावर, अनामतही कागदोपत्री त्याचीच. तो गाव सोडून गेला किंवा वाद झाला की सगळं अडकतं.

पद्धत अशी: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. ज्ञापन (संस्थेचं नाव आणि उद्देश लिहिलेला कागद), नियमावली, कार्यकारिणीची यादी, सगळ्यांची संमतिपत्रं, ओळखपत्रं, आणि पत्त्यासाठी जागामालकाचं ना हरकत पत्र. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंद. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये विरंगुळ्याच्या सोयी हे धर्मादाय उद्दिष्ट मानलंय, पण त्या समाजकल्याणासाठी आणि लोकहितासाठी असल्या तर. म्हणून उद्देशात 'सभासदांची करमणूक' एवढंच लिहू नका. वाचनालय, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, खेळांची सोय असं लिहा आणि ते परिसरातल्या सगळ्यांना खुलं ठेवा.

खरी मेहनत नोंदणीनंतर सुरू होते. हिशेब ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांच्या आत ऑडिट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती धर्मादाय कार्यालयात द्यायची. संस्था अडकतात त्या इथेच. निवडणूक होते, हारतुरे होतात, आणि चेंज रिपोर्ट कुणी भरतच नाही. पुढे बँक नव्या सह्या घेत नाही, जुना अध्यक्ष सही करत नाही, आणि दोन-तीन बदल एकावर एक साचले की वकिलाशिवाय सुटत नाही. सभेच्या इतिवृत्तावर त्याच दिवशी सह्या घ्या आणि चेंज रिपोर्टची जबाबदारी मावळत्या सचिवावर नियमावलीतच टाका.

नोंदणी होईपर्यंत गणपतीची वर्गणी लोकांकडून गोळा करायची असेल तर याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून आधी काढा. जीएसटीची काळजी नको, २० लाखांच्या उलाढालीपर्यंत तुमचा संबंध येत नाही. पैसे लावून पत्ते मात्र पहिल्या दिवसापासून बंद, अगदी दहा रुपयेसुद्धा नकोत.

भाडेकरार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदवलेलाच करा. मीटर घरगुती असेल तर मालकाला आधी बदलून घ्यायला लावा. घरगुती मीटरवर क्लब चालला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

स्ट्रायकर_१५_ग्रॅम

टेबल टेनिस या हॉलमध्ये नको. टेबल ९ बाय ५ फूट, पण दोन्ही टोकांना आठ-नऊ फूट आणि बाजूंना चार-पाच फूट सोडल्याशिवाय खेळता येत नाही. म्हणजे २६ बाय १३ फूट गेले. ६०० पैकी निम्म्याहून जास्त जागा दोन माणसांना. शिवाय पंखा चालू असला की चेंडू वाहतो, आणि खालच्या मजल्यावर ठकठक ऐकू जाते ती वेगळीच.

त्याऐवजी कॅरमचे तीन चांगले बोर्ड घ्या. खेळायची जागा ७४ सेंटिमीटरची, प्लाय किमान ८ मिलिमीटर, जमल्यास १२. पातळ प्लायवर सोंगटी उसळत नाही, कडेला लागून मरते. बोर्ड भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, मधून वाकतो. खेळ संपला की कोरड्या सुती फडक्याने पावडर पुसायची आणि आडवा ठेवून झाकायचा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळे कूलरच्या मागे लागतात. कूलरचा झोत बोर्डावर आला की दमट हवेने पावडरीच्या बारीक गुठळ्या होतात, सोंगटी मधेच थांबते, मग लोक आणखी पावडर ओततात आणि बोर्ड अजूनच जड होतो. काही आठवड्यांत कडेचा प्लाय फुगतो. कूलर घ्यायचाच तर वाचनाच्या कोपऱ्याकडे तोंड करून, समोरची खिडकी उघडी ठेवून. शिवाय आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कूलर पितो ते पाणी धरून टाकी किमान १,००० लिटरची हवी.

पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. साधे सहा पंखे ७५ वॅटचे, रोज सहा तास, महिन्याला २६ दिवस म्हणजे ७० युनिट. ३० वॅटचे घेतले तर २८.

जुळे_सोलापूर

खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. टेबल टेनिस रद्द. रोज उघडायला पगारी माणूस ठेवावा का? तेवढं बजेट नाही.

किल्ली_रजिस्टर

पगारी माणूस नको, पण 'जो आधी येईल तो उघडेल' असंही नको. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ ठेवा, दुपारी बंद. एप्रिल-मे मध्ये तसंही दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. सोमवार सुट्टी. महिन्याला ५२ वेळा कुलूप उघडायचं आणि ५२ वेळा लावायचं. एकट्यावर टाकलंत तर तो दिवाळीपर्यंत टिकतो.

१३ जण घ्या, प्रत्येकाला महिन्याला चार पाळ्या. किल्ल्या तीनच, त्या पाळीप्रमाणे हातोहात फिरतात, आणि कुणाकडे आहे ते रजिस्टरात लिहायचं. उघडणाऱ्याचं काम: खिडक्या, पाण्याचा जार, वर्तमानपत्रं क्लिपला लावणं, बोर्डांवरची झाकणं काढणं. बंद करणाऱ्याचं: सोंगट्या मोजणं (बोर्डाला १९, राणी धरून), नळ, मेन स्विच, मीटरचं रीडिंग. रीडिंग रोज लिहिलं की पंखे रात्रभर चालू राहिले ते दुसऱ्याच दिवशी कळतं. संडासची सफाई सभासदांवर टाकू नका, भांडणं तिथूनच सुरू होतात. ते १,५०० वाचवायचे नाहीत.

आणि एक गोष्ट कुणी विचारली नाही. निम्मे सभासद निवृत्त आणि हॉल पहिल्या मजल्यावर. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का, पायऱ्यांची उंची सारखी आहे का, जिन्यात दिवा आहे का, संडास त्याच मजल्यावर आणि कमोडचा आहे का, एवढं अनामत देण्याआधी बघा. यातलं काही नसेल तर तळमजल्याची ४०० फुटांची जागा हजार रुपये जास्त देऊनही परवडते. गुडघे दुखणारी माणसं तक्रार करत नाहीत, यायची बंद होतात, आणि नियमित वर्गणी भरणारी बहुतेक तीच असतात.