मदत हवी आहे: बुडापेस्ट + एफ१ रेस, चार दिवसांत जमेल का? (तातडीचं)

घाईगडबड (दु. १२:१०)
सरळ मुद्द्यावर येतो. जुलैअखेर व्हिएन्ना तीन रात्री, मग बुडापेस्ट चार. बुडापेस्टच्या रविवारी हंगेरियन ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची मोटार शर्यत. तीन तिकिटं कार्टमध्ये टाकून बसलोय. रेस बघून शहरही नीट बघून होईल का? आणि सर्किटवर जायचं कसं? नकाशा कधी चाळीस मिनिटं दाखवतो, कधी दोन तास. आज रात्रीपर्यंत ठरवायचंय. "नेटवर शोधा" असं सांगू नये, तिथूनच दमून आलोय.

तिसरागियर (दु. १२:१८)
अहो विचारताय काय, घ्या! हंगारोरिंग, म्हणजे तिथलं सर्किट, दरीत आहे, वाटीसारखं. कडेला बसलं की निम्मं सर्किट नजरेत येतं, हे सुख सगळीकडे नाही. 4.381 किमीची फेरी, अशा 70. ओव्हरटेक अवघड, होतात ते बहुतेक पहिल्या वळणावर, त्यामुळे स्टँड तिथलाच घ्या. शुक्रवार ते रविवार सर्किटवरच काढा. शहर काय, पळून जातंय का?

वाटसरू७२ (दु. १२:३१)
असहमत. रेस टीव्हीवर जास्त कळते. तिथे तुमच्यासमोरून दर ऐंशी सेकंदांनी काहीतरी सुंई करून जाणार, कोण पुढे ते मोठ्या पडद्यावरच बघायचं. म्हणजे पैसे भरून टीव्हीच. त्या पैशात संसद आतून बघा, रात्री डॅन्यूबवर बोट करा. संसदेचं तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढा, आयत्या वेळी मिळत नाही, आणि युरोपियन युनियनबाहेरच्यांना महाग पडतं.

तिसरागियर (दु. १२:३४)
लग्नाचा व्हिडिओ जास्त स्पष्ट दिसतो म्हणून लग्नाला जायचं नाही का?

व्हिएन्नावासी_सातारकर (दु. १२:५०)
मी दोनदा गेलेय. पण आधी सांगा, तीन जण म्हणजे कोण? हॉटेल नदीच्या कुठल्या बाजूला? तिकीट स्टँडचं की गवतावरचं? यावर सगळं अवलंबून आहे.

शेंगनशास्त्री (दु. १२:५५)
व्हिसा कुठल्या देशाचा काढणार? जिथे जास्त रात्री, तिथे अर्ज. तुमच्या चार बुडापेस्टला, म्हणजे हंगेरी. विमान व्हिएन्नाला उतरतं म्हणून ऑस्ट्रियाकडे जाऊ नका. फी मोठ्यांना 90 युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

घाईगडबड (दु. १:०२)
शेंगनशास्त्री, व्हिसा झालाय. विचारलाच नव्हता.
मी, आई, बाबा. हॉटेल बुडा बाजूला, किल्ल्याच्या पायथ्याशी. तिकीट स्टँडचं, छप्पर नाही. आईचा गुडघा बदललाय, पण चालते. आता सांगा.

कांदेनवमी (दु. १:०९)
हे आत्ता सांगताय? जुलैच्या उन्हात गुडघा बदललेल्या बाईला बिनछपराच्या बाकावर बसवणार? श्रावणबाळाने कावड निदान तीर्थयात्रेला नेली होती. तुमच्या हौसेपायी म्हाताऱ्यांचे हाल कशाला? त्यांना बसवा दोन नंबरच्या ट्राममध्ये, पेस्टच्या काठाने जाते, संसदेपासून सगळं खिडकीतून दिसतं.

अनुस्वार (दु. १:१५)
बुडापेस्ट नव्हे, बुदापेश्त. हंगेरियनमध्ये नुसत्या एसचा उच्चार श होतो.

वाटसरू७२ (दु. १:१७)
अनुस्वार, मग तुम्ही पॅरिसला पारी म्हणता का?

अनुस्वार (दु. १:१९)
म्हणतो.

व्हिएन्नावासी_सातारकर (दु. १:४०)
भांडा तुम्ही, मी रस्ता सांगते. बुडा बाजू बरी पडली, तिथून लाल मेट्रो (एम२) मिळते. बात्यानी तेर किंवा सेल काल्मान तेर, जे जवळ असेल तिथून बसायचं आणि शेवटपर्यंत जायचं: ओर्श वेझेर तेरे. बाहेर पडलं की 'हेव' नावाची उपनगरी गाडी, एच८, ग्योडोलोच्या दिशेची. उतरायचं सिलाशलिगेतला. तिथून पुढे चालत अर्धा तास, आणि रस्ता चढाचा आहे. काकूंचा खरा प्रश्न तिथे येणार, बाकावर नव्हे.
शहराच्या पासची हद्द शहराच्या वेशीपर्यंतच, हेवचं पुढचं तिकीट वेगळं घ्यायचं. कागदी तिकीट यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. तपासनीस दारातच उभे असतात आणि पर्यटक म्हणून सोडत नाहीत. मी भरलाय दंड.

तिसरागियर (दु. १:४८)
जाताना टॅक्सी, येताना हेव. सकाळी टॅक्सी गेटच्या बऱ्यापैकी जवळ सोडते. रेस संपल्यावर मात्र तोच रस्ता तुंबतो, टॅक्सीत नुसतं मीटर पळतं. आणि काकूंच्या कानांसाठी बोळे न्या. जुनी व्ही१० इंजिनं असती तर छातीत धडधडलं असतं, हायब्रिड आल्यापासून आवाज कमी झालाय.

कांदेनवमी (दु. १:५०)
काकू येणार हे तुम्हीच ठरवलंत?

खाद्ययात्री (दु. २:०५)
शाकाहारी असाल तर लांगोश खा. तळलेल्या भटुऱ्यासारखं असतं, वर आंबट साय आणि चीज. सर्किटवरही मिळतं. गुलाशच्या वाटेला जाऊ नका, नुसता रस्सा मागितला तरी तो गोमांसाचाच असतो.

व्हिएन्नावासी_सातारकर (दु. २:१२)
घाईगडबड, एक राहिलं. परतीचं विमान कधीचं?

घाईगडबड (दु. २:२०)
रविवारीच. रात्री पावणेनऊ, बुडापेस्टहून, दोहामार्गे मुंबई. रेस तीनला सुरू होते, दोन तासांत संपते. पुरेसा वेळ आहे ना?

तिसरागियर (दु. २:२२)
अरे देवा.

वाटसरू७२ (दु. २:२४)
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

व्हिएन्नावासी_सातारकर (दु. २:४१)
नाही, पुरेसा नाही. हिशोब मांडा. पाचला संपली असं धरू. गेटबाहेर यायला अर्धा तास, स्टेशनापर्यंत चालत अर्धा तास, तोही काकूंच्या चालीने. हेवला रांग. मग शहरात, मग हॉटेलात सामान, मग देआक तेरहून विमानतळाची 100ई बस. विमानतळ आग्नेयेला, सर्किट ईशान्येला. सव्वासहालाही तुम्ही सिलाशलिगेतच्या फलाटावरच असाल, आणि काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद.

तिसरागियर (दु. २:५५)
शिवाय रेस वेळेवर संपेल हे कोणी सांगितलं? 2021 आठवा. पहिल्याच वळणावर बोटासने गाड्या उडवल्या, लाल बावटा, शर्यत थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर एकटा हॅमिल्टन उभा, बाकी सगळे टायर बदलायला पिटमध्ये! जिंकला कोण, तर ओकॉन, आयुष्यात पहिल्यांदा. अलोन्सो 2003, बटन 2006, पियास्त्री 2024, सगळ्यांचा पहिला विजय इथलाच. आणि तुम्ही घड्याळ बघत बसणार?

वाटसरू७२ (दु. ३:०१)
म्हणून म्हणतोय, रेस सोडा. फारच खाज असेल तर शनिवारी पात्रता फेरी बघा. शनिवारचं वेगळं तिकीट मिळतं का ते अधिकृत साइटवर बघा.

कांदेनवमी (दु. ३:०४)
+१. मुलाने आईबापाचा थोडा विचार करावा.

घाईगडबड (दु. ३:३०)
एक मिनिट. मला रेसमधलं ओ की ठो कळत नाही. मला संग्रहालयं बघायचीत. रेस बाबांना बघायची आहे.
बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. 2005 ला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या गाडीतून एफ१ मध्ये उतरला तेव्हापासून आमच्याकडे रेसच्या रविवारी संध्याकाळी कोणाला बोलवत नाहीत. फेऱ्यांच्या वेळा वहीत लिहून ठेवतात. 2011 ला नोएडाला जायचं ठरलं होतं, आजी आजारी पडली. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता 2013 नंतर तिथली रेसच बंद झाली. विमान मी काढलं, रेसची तारीख न बघता. त्यांनी ती मागच्या आठवड्यात कॅलेंडरवर दाखवली आणि म्हणाले, "राहू दे, टीव्हीवर बघू."

कांदेनवमी (दु. ३:३३)
आधीचे शब्द मागे घेते.

तिसरागियर (दु. ३:३५)
विमान बदला. आत्ता. बाकी चर्चा नंतर.

बुद्धिबळ (दु. ३:४४)
नोएडाची रेस करामुळे गेली. राज्य सरकारने तिला खेळ न मानता करमणूक मानलं, मग करमणूक कर, मग कोर्ट. यावर वेगळा धागा काढतो.

वाटसरू७२ (दु. ३:५२)
बरं, रेस बघा. पण छपराखालची जागा मिळाली तर घ्या, मेन ग्रँडस्टँडला आहे. सहासष्ट-सत्तरच्या माणसाला ऊन काय करतं ते मी अनुभवाने सांगतोय.

घाईगडबड (सायं. ६:१५)
विमान सोमवारी दुपारचं करून घेतलं. फरकाची रक्कम सांगत नाही, बाबा हा धागा वाचतील. मेन ग्रँडस्टँडची दोन तिकिटं घेतली, बाबा आणि मी. आईला विचारलं, रविवारी तू काय करशील? म्हणाली, "मी खोलीत बसून भिंती बघू का?" तेव्हा तिसरं काढलं. त्यांच्या शेजारचं नाही मिळालं, तीन ओळी मागे आहे. तिथे मी.
सोमवारी सकाळी आईला गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचंय. गेलेर्त नावाचं कोणी सुचवलं होतं.

व्हिएन्नावासी_सातारकर (सायं. ६:३०)
गेलेर्त नूतनीकरणासाठी बंद आहे. सेचेनीला जा, पिवळी मेट्रो दारातच सोडते. 1896 ची आहे ती, काकांना मेट्रोच जास्त आवडेल. सकाळी लवकर जा, आणि पोहायचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा.

अनुस्वार (सायं. ६:३८)
सेचेनी हा उच्चार मात्र बरोबर आहे.

नवखा (रात्री १०:५५)
सगळा धागा वाचला नाही. त्या लांगोशमध्ये अंडं असतं का?